जुनी लक्झरी गाडी कोकणात आणलीत: आधी हेडलाइट की आधी सीट?

मुंबई-पुण्यात आठ-दहा वर्षं वापरलेली जर्मन गाडी आज नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळून जाते. इंजिन ठणठणीत असतं, पण दोन गोष्टी डोळ्यांत खुपतात: पिवळे पडलेले हेडलाइट आणि भेगा गेलेल्या लेदर सीट. गुहागरच्या माझ्या आतेभावाने अशीच गाडी घेतली आणि विचारलं, "दादा, हाताशी वीसेक हजार आहेत. आधी काय करू?" मी सांगितलं ते इथेही सांगतो. पैसा हेडलाइटवर घाला आणि वेळ सीटवर.

कारण दोन्हींचा शत्रू वेगळा आहे. हेडलाइटला ऊन खातं. ते नुकसान एकदा नीट दुरुस्त करून वर चांगला थर चढवला की काही वर्षं बघावं लागत नाही. सीटला दमट हवा खाते, आणि आपल्याकडे ती दर मृगाला परत येते. तिथे एकदाच मोठा खर्च करून सुटका नाही.

हेडलाइट

आपण 'काच' म्हणतो, पण ती काच नसते. जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरला खरी काच होती. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ते खड्याने सहसा फुटत नाही, पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, म्हणून कारखान्यातच त्यावर कडक पारदर्शक थर देतात. गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर राहिली की तो थर मरतो आणि प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. अशा हेडलाइटचा उजेड रस्त्यावर न पडता इकडेतिकडे पसरतो. पावसाळी रात्री आंबा घाटात धुकं उतरलेलं असताना हा फरक जिवावरचा असतो, म्हणून माझ्या लेखी हे काम सीटच्या आधी.

खर्च करण्याआधी एक परीक्षा घ्या. हेडलाइटवर पाणी मारा. ओला असताना तो स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर परत धुरकटला, तर बिघाड बाहेरच्या थरात आहे आणि घासून जाईल. ओला असतानाही तसाच दिसला तर दोष आत आहे: आतून दमट वाफ धरली असेल, उजेड पुढे फेकणारा रिफ्लेक्टर जळला असेल किंवा प्लास्टिकमध्ये खोलवर बारीक तडे गेले असतील. मग कितीही पॉलिश करा, उपयोग नाही.

टूथपेस्टचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. ती बारीक खरवडते, त्यामुळे चार दिवस चकाकी येते. गाडी विकायची असेल तर लोक करतात, ठेवायची असेल तर करू नका. दुसरा प्रकार म्हणजे रसायनाची वाफ सोडून हेडलाइट पाच मिनिटांत काचेसारखा करून देतात तो. बघायला जादू वाटते, पण ती वाफ प्लास्टिकचा पृष्ठभाग वितळवते आणि पुढे तिथेच बारीक तडे जाण्याची भीती असते. मी माझ्या गाडीला ते करू देणार नाही.

खरा पर्याय वॉटर पेपरचा, म्हणजे ओला करून घासायच्या बारीक सँडपेपरचा. घरी करायचं तर अर्धा दिवस आणि हजार-दीड हजारांचं सामान लागतं. आजूबाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावा. पाण्यात थोडा शाम्पू घालून ८०० किंवा १००० नंबरच्या पेपरने सुरुवात करा, मग १५००, २०००, शेवटी ३०००; नंबर मोठा तेवढा पेपर बारीक. दर नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले का ते कळतं. पहिल्या पेपरला जे पाणी ओघळतं ते ताकात हळद पडल्यासारखं पिवळसर असतं. तो जुना मेलेला थर. ओघळ पांढरा येईपर्यंत पुढच्या नंबरला जाऊ नका. इथेच घाई होते आणि कडेला पिवळी चंद्रकोर राहून जाते.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: वरचा थर. शहरातल्या एका दुकानाने माझ्या गाडीचे हेडलाइट अर्ध्या तासात मशीनने बफ करून दिले. फेब्रुवारीत आरशासारखे दिसत होते, गणपतीला चाकरमानी आले तोवर परत पिवळे. वर फक्त वॅक्स मारलं होतं. जुना थर खरवडून नवा न देणं म्हणजे पावसाच्या तोंडावर कौलं काढून ठेवणं. वॅक्स आठवडे टिकतं, सिरॅमिक कोटिंग साधारण काही महिने ते वर्षभर. थर कडक करणारा हार्डनर मिसळून फवारलेला क्लिअर कोट (पारदर्शक रंग) किंवा वर लावलेली पारदर्शक फिल्म मात्र काही वर्षं जाते. फिल्मचा जास्तीचा फायदा असा की महामार्गावर उडणारी खडी ती अंगावर घेते. क्लिअर कोट घरी फवारू नका. त्यातला हार्डनर फुप्फुसाला घातक असतो आणि योग्य मास्क आपल्याकडे नसतो. दमट हवेत फवारला तर तो पांढुरका पडतो, त्यामुळे दुकानात करून घ्यायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी हवा गाठा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: घासून झाल्यावर वर काय देणार?

नवीन हेडलाइट? एलईडीचा असेल तर एका बाजूलाच लाखाच्या पुढे जाऊ शकतो. दोष आत असेल तरच त्या वाटेला जा, आणि तेव्हाही आधी जुन्या पार्टच्या बाजारात चौकशी करा.

सीट

आधी समजून घ्या की सीट पूर्ण लेदरची असेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग लेदर आणि बाजू-पाठ रेक्झिनसारख्या मटेरियलची असते. मर्सिडीजचं आर्टिको आणि बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक ही तर पूर्णच कृत्रिम. खऱ्या लेदरवरही बहुतेक वेळा रंगाचा आणि वर पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा थर असतो. कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मण्यासारखा राहिला तर थर शाबूत आहे. जिरून डाग गडद झाला तर लेदर उघडं आहे किंवा थर झिजलाय. तिथे फार जपून हात लावायचा.

म्हणूनच खोबरेल तेल लावू नका. आमच्या घरी बाबांनी चपलांना लावतात तसं मायेने सीटला चोळलं होतं. तेल थरातून आत जात नाही, वरच राहतं. त्यावर तांबडी माती बसली, शिवणींत चिखलासारखी साठली, आणि जुलैत त्याच शिवणींतून हिरवट-पांढरा बुरा उगवला. तो वास काढायला दिवाळी उजाडली.

लेदरची निगा खरं तर स्वस्त आहे. आधी व्हॅक्यूमने शिवणींतली माती आणि रेती काढा; रेती राहिली तर तुम्हीच ती घासून लेदर ओरबाडता. मग लेदरसाठीचा सौम्य क्लीनर मऊ ब्रशवर घेऊन फेस करा आणि मायक्रोफायबरने पुसून घ्या. क्लीनर सीटवर थेट ओतू नका, विशेषतः हवा येणाऱ्या भोकांच्या सीटवर. मग लेदर मऊ ठेवणारं पाणी-बेस कंडिशनर अगदी पातळ लावा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. समुद्रावरून ओल्या चड्डीने थेट सीटवर बसू नका, खारं पाणी वाळताना लेदर कडक करतं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा एसी लावून गाडी अर्धा तास फिरवा, पायाखालची ओली मॅट बाहेर काढा. कापडी कव्हर घालून सीट 'जपू' नका. खाली ओल कोंडते आणि बुरा तिथेच धरतो.

ड्रायव्हरच्या बाजूची कड फाटलीच असेल तर दोन वाटा आहेत. भेगा वरवरच्या असतील तर फिलर भरून रंग देणारा कारागीर शोधा. लेदर आरपार गेलं असेल तर तेवढाच तुकडा बदला. सगळी सीट नव्याने शिवून घेण्याचा मोह टाळा. या गाड्यांच्या सीटच्या कडेला एअरबॅग असते आणि तिथली शिवण ठरावीक जोर आला की उसवावी अशी केलेली असते. सीटवाल्याने पक्क्या दोऱ्याने मारली तर ऐन वेळी एअरबॅग अडकेल.

आतेभावाने शेवटी हेडलाइटला क्लिअर कोट करून घेतला आणि उरलेल्यात क्लीनर, ब्रश, कंडिशनर आणलं. सीटच्या भेगा अजून आहेत, पण पुढे वाढलेल्या नाहीत.

गाडी अजून घेतलेली नसेल तर हेडलाइट आणि सीट यांच्याकडे एकत्र बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या बुडाल्या. हेडलाइटच्या आत गाळाची आडवी रेघ आहे का, सीट पूर्ण पुढे सरकवून खालच्या रुळांना गंज आहे का, गालिच्याखाली हात घातला तर रेती लागते का, हे बघा. यातलं काही सापडलं तर लेदर कितीही मऊ लागो, ती गाडी घेऊ नका.