स्किझोफ्रेनिया म्हणू की छिन्नमनस्कता?

राजारामपुरीतली माझी भाची या मानसिक आजाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. तिने विचारलं, "मामा, कुठला शब्द घालू?"

अर्थाने दोन्ही एकच. ग्रीक 'स्किझाइन' म्हणजे चिरणे, 'फ्रेन' म्हणजे मन. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द वापरला तो विचार आणि भावना यांचा सांधा निखळतो म्हणून; एका माणसात दोन माणसं राहतात म्हणून नव्हे. ग्रीक शब्दातली फाट मराठी कानाला जाणवत नाही. 'छिन्न' लगेच कळतं, आणि तिथेच घोटाळा होतो: ऐकणारा दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व समजतो. तो आजार निराळा.

उच्चाराला दोन्ही अवघड. कागदोपत्री स्किझोफ्रेनियाच चालतो. कलंक दोन्हींना चिकटतो; जपानने तर 'मन फुटल्याचा आजार' अशा अर्थाचं जुनं नाव २००२ मध्ये बदललंच.

दवाखान्यात, दाखल्यासाठी स्किझोफ्रेनिया म्हणा. मराठी लेखात, व्याख्यानात छिन्नमनस्कता चालेल, पण सोबत एका ओळीचा खुलासा हवाच. घरी आजीला सांगताना दोन्ही सोडा. "त्याला भास होतात, औषधं चालू ठेवायला हवीत," एवढं तिला पुरतं.