दाताच्या दवाखान्यात असिस्टंट व्हायचंय: डायरेक्ट लागू, सर्टिफिकेट करू, की दोन वर्षांचा डिप्लोमा?

खान्देशात शिरपूर, शहादा, चोपडा, दोंडाईचा, या पट्ट्यातल्या मुली (आता मुलंही) बारावी झाली की विचारतात, दाताच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागायचंय, कोणता कोर्स करू. आणि बऱ्याचदा हा प्रश्न येतो तोवर घरच्यांनी कुठंतरी फीचा पहिला हप्ता भरायची तयारी करून ठेवलेली असते. म्हणून आधी पैशाचंच बोलते, बाकीचं नंतर.

१९४८ चा दंतवैद्यक कायदा बघितला तर त्यात डॉक्टर सोडून फक्त दोघांची नोंदणी आहे, एक डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारी) आणि दुसरा डेंटल मेकॅनिक (लॅबमध्ये कवळी-कॅप बनवणारा). खुर्चीजवळ उभं राहून सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ-पाणी ओढणारी नळी, धरणारी, सामान देणारी जी असिस्टंट, तिची त्यात नोंदणी नाही. म्हणजे कोणी सहा महिन्यांच्या कोर्सला "रजिस्ट्रेशन मिळेल, सरकारी नोकरी पक्की" म्हणत असेल तर शांतपणे विचारायचं, कोणत्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आणि ते लेखी द्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संसदेत मंजूर झालाय, त्यामुळं नियम बदलायचा हा काळ आहे, तेव्हा फी भरायच्या आधी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडं स्वतः चौकशी करा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका.

आता पहिला रस्ता, म्हणजे डायरेक्ट दवाखान्यात लागणं. माझ्या मते दहावी झालेल्या किंवा बारावी आर्ट्स-कॉमर्सवाल्या मुलीसाठी हाच बरा, कारण शिकता शिकता पगार सुरू होतो आणि फी शून्य. आमच्या भागात निम्म्याहून जास्त असिस्टंट अशाच तयार झालेल्या दिसतील, मीही तशीच. पण "डायरेक्ट लागणं" म्हणजे नुसतं झाडू-पोछा आणि नंबर लावणं नाही, हे लक्षात ठेवा. चांगल्या डॉक्टरकडं पहिल्या वर्षात तुम्हाला ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन, लावता आला पाहिजे (१२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, १५ ते २० मिनिटं, आणि हत्यारांचा पाऊच ओला निघाला तर तो वापरायचा नाही), आरसीटीचा (रूट कॅनालचा) ट्रे, दात काढायचा ट्रे, फिलिंगचा ट्रे न सांगता मांडता आला पाहिजे, वापरलेली सुई पांढऱ्या पंक्चर न होणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत हे हाताला बसलं पाहिजे. मापाचा मसाला म्हणजे अल्जिनेट कालवणं तर खरी परीक्षा, आणि ती आपल्याकडं जास्तच अवघड, कारण मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ डिग्रीला पारा जातो तेव्हा साध्या टाकीच्या पाण्यात कालवलं की ट्रे तोंडात जायच्या आधीच मसाला घट्ट, म्हणून गार पाणी बाजूला ठेवायचं. असल्या गोष्टी खुर्चीशेजारी उभं राहूनच येतात.

दुसरं म्हणजे आपल्याकडचे पेशंट. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही असे तरुण पोरं रोज येतात. त्यांचा गाल ओढून धरताना किती ताकद लावायची, कधी थांबून डॉक्टरला सांगायचं, हे अंदाजानं शिकावं लागतं. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी धडगाव, अक्कलकुवा, पानसेमलकडून माणसं बाजार उरकून दुपारी एकदम येतात, सगळ्यांना पाचच्या गाडीनं परत जायचं असतं, त्या दोन तासांत कोणाला आधी घ्यायचं आणि कोणाला नुसती गोळी लिहून पुढच्या बाजाराला बोलवायचं हे डॉक्टरला सुचवणारी असिस्टंट दवाखाना तारून नेते.

या रस्त्याची कमजोर बाजूही मोठी आहे. सगळं डॉक्टरवर अवलंबून. शिकवणारा मिळाला तर दोन वर्षांत तुम्ही तयार, नाहीतर पाच वर्षं काऊंटरवर बसून राहाल. लहान गावात सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी चार आकडीच असतो, पाच आकडी व्हायला वेळ लागतो, पीएफ-बिएफ क्वचितच. म्हणून लागतानाच दोन गोष्टी मोकळेपणानं बोलून घ्या, सहा महिन्यांनी पगार किती वाढवणार, आणि काम सोडताना अनुभवाचं पत्र देणार का. त्या पत्रात नुसतं "काम केले" नको, काय काय काम येतं ते लिहून घ्या. सुरतला गेलं तर तेच पत्र दाखवायचंय.

सर्टिफिकेट कोर्सचं काय, तर तो वाईट नाही, पण कोणासाठी ते बघायला हवं. आरोग्य क्षेत्राच्या स्किल कौन्सिलचा डेंटल असिस्टंट म्हणून अभ्यासक्रम आहे, तसा मान्य कोर्स कुठं चालू असेल आणि कमी फीत किंवा सरकारी योजनेतून मिळत असेल तर जरूर करा. पुणे-नाशिक-सुरतच्या मोठ्या चेन दवाखान्यांत एचआरवाले कागद मागतात, तिथं तो उपयोगी. तालुक्याच्या गावात राहायचं असेल तर डॉक्टर कागद बघतच नाही, तो हात बघतो, मग त्या कागदासाठी वडिलांनी कापसाच्या पट्टीतले पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही. बघायची गोष्ट एकच, प्रॅक्टिकल कुठं. धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, नाशिकला केबीएच आहे, अशा खऱ्या ओपीडीत उभं राहायला मिळत असेल तर कोर्सला अर्थ आहे. दोन खोल्या, एक फळा आणि जबड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल एवढंच असेल तर घरी परत या.

बारावी सायन्स असेल तर मात्र मी तुम्हाला असिस्टंट होऊच देणार नाही आधी. दोन वर्षांचा हायजिनिस्ट किंवा मेकॅनिकचा डिप्लोमा बघा, त्याला नोंदणी आहे, आणि आरोग्य खात्यात दंत आरोग्यक, दंत यांत्रिकी अशी पदंही असतात. जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही, त्यामुळं फक्त सरकारी नोकरीच्या आशेवर करू नका. पण राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी पदं असतात, त्यात असिस्टंटही धरलेत, म्हणून जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालयाच्या भरतीकडं लक्ष ठेवा, कोणत्याही रस्त्यानं गेलात तरी.

हायजिनिस्ट आणि मेकॅनिक, या दोघांत कोणता? शहरात असते तर हायजिनिस्ट म्हणाले असते, दात साफ करायचं काम डॉक्टरच्या देखरेखीत ती स्वतः करते, पेशंटशी बोलते, छान काम आहे. पण खान्देशात लहान दवाखान्यात डॉक्टर स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, स्वतःच करतात, त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा एवढं गिऱ्हाईकच नसतं, मग हायजिनिस्ट होऊन शेवटी असिस्टंटच्याच पगारावर लागावं लागतं, असं होताना बघितलंय. मेकॅनिकचं उलट आहे. कवळी, कॅप, ब्रिज हे काम प्रत्येक डॉक्टरला लागतंच आणि बरंचसं डब्यात भरून बाहेरच्या लॅबला जातं, परत यायला दिवस लागतात, फिटिंग चुकलं की पुन्हा तोच फेरा, आणि म्हातारं माणूस तेवढे दिवस बिना दाताचं. इथं नीट काम करणारी लॅब निघाली तर चार तालुक्यांचे डॉक्टर काम देतील. फक्त आता कॉम्प्युटरवर डिझाइन करून झिरकोनियाच्या कॅप मशीनवर कापतात, ते सॉफ्टवेअर शिकल्याशिवाय पुढं अवघड आहे, म्हणून डिप्लोमानंतर दोन-तीन वर्षं सुरत किंवा नाशिकच्या लॅबमध्ये काढा आणि मग गावी या. बसून बारीक काम करायची आवड नसेल तर मात्र नका जाऊ त्यात, मान-पाठ आणि डोळे दोन्ही जातात.

कुठं काम करायचं हाही तेवढाच मोठा प्रश्न. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या लोकांना सुरत रेल्वेच्या एकाच लाईनवर, तिथं पगार जास्त, पण खोलीभाडं आणि खानावळ वजा केली की हातात किती उरतं ते कागदावर मांडून बघा. गावातून तालुक्याला येऊन-जाऊन करायचं तर २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तो मोठा आधार झालाय, पण दवाखाने संध्याकाळी पाच ते नऊ चालतात आणि खेड्याची शेवटची गाडी बऱ्याचदा त्याच्या आधी निघते. पगार ठरवायच्या आधी सुटायची वेळ ठरवा. आणि तुम्हाला अहिराणी, भिलोरी, पावरी येत असेल तर मुलाखतीत ते आवर्जून सांगा. आजी "मना दात दुखी ऱ्हायना" म्हणते तेव्हा बाहेरगावच्या डॉक्टरला कुठला दात, किती दिवस, रात्री दुखतो का, शुगर आहे का, हे सगळं तुमच्याच तोंडून कळणार असतं.

एएनएम (नर्सिंगचा कोर्स) आणि डीएमएलटी (रक्त-लघवी तपासणीच्या लॅबचा डिप्लोमा) यांच्याशी तुलना विचारतात लोक. एएनएमला नोंदणी आणि सरकारी जागा दोन्ही जास्त, पण रात्रपाळी आणि कुठंही बदली. डीएमएलटीवाले गावोगाव आहेत, आता गर्दी झालीय. रात्री घरी असणं गरजेचं असेल तर दाताचं काम सोयीचं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रस्त्यानं आलात तरी पाळा. डॉक्टर बाहेरगावी असताना "तूच जरा साफ करून दे, फिलिंग भरून दे" असं सांगितलं तर नाही म्हणायचं, सरळ. असिस्टंटनं पेशंटच्या दातावर उपचार करायचे नसतात, उद्या काही झालं तर पेशंटचं नुकसान होईलच आणि तुमच्या बाजूनं कोणी उभं राहणार नाही. आणि कामावर रुजू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा, पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. खर्च दवाखान्यानं करावा असं स्पष्ट मागा, नाही केला तरी स्वतः घ्या, आणि लसीचं कार्ड अनुभवाच्या पत्रासोबत एकाच फाईलीत ठेवा.