एसबीएम-२० नळीचं गायगर काउंटर किट: शाळेने घ्यावं का?

अंतराळातल्या प्रारणांमुळे पेशीत कर्करोग कसा सुरू होऊ शकतो, हे शिकवायला जळगाव-धुळ्याच्या शाळा-कॉलेजांना हे किट कितपत उपयोगी आहे, एवढंच इथे पाहू. गायगर काउंटर म्हणजे प्रारण मोजणारं यंत्र; नळीत कण शिरला की एक टकटक होते. किट चांगलं आहे, जरूर घ्या. पण त्यावर दिसणारा मायक्रोसिव्हर्टचा (प्रारणाने शरीराला होणाऱ्या अपायाच्या मापाचा) आकडा या धड्यात वापरू नका.

जोडणी सोपी आहे, चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नळीच्या टोकांना थेट सोल्डर लावू नका, उष्णतेने सील जातं. फ्यूजच्या क्लिप वापरा. धन टोक उलटं लावलं तर नळी बिघडू शकते. ५.१ मेगाओहमचा रोधक धन टोकाला अगदी चिकटून हवा. नळीला सुमारे ४०० व्होल्ट लागतात, पण साध्या मल्टिमीटरने ते मोजायला गेलात की मीटरच भार टाकतो आणि व्होल्टेज कमी दिसतं. मग प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा बोर्डावरचा स्क्रू) फिरवून ते वाढवलं जातं आणि नळी मरते. मीटरच्या आधी १ गिगाओहमचा रोधक जोडा. १० मेगाओहमचा मीटर असेल तर वाचनाला साधारण १०० ने गुणा. पावसाळ्यात बोर्डावरच्या ओलाव्यातून विद्युत गळती होते आणि खोट्या टकटकी येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून वाळवलं की थांबतात.

चाचणीसाठी महागडा स्रोत नको. केळीच्या बागेला टाकतात तो पोटॅश, म्हणजे एमओपी, कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. त्यात वजनाने जवळपास निम्मं पोटॅशियम असतं. पोटॅशियम किंचित किरणोत्सारी आहे; त्याच्या दर ग्रॅममध्ये सेकंदाला ३१ अणूंचं विघटन होतं. किलोभर पोटॅश पॉलिथिनच्या पिशवीत घालून नळी तिला टेकवा, मोजणी स्पष्ट वाढते. एका केळ्याने मात्र काही हलत नाही; त्यात जेमतेम १५ बेकेरेल, म्हणजे सेकंदाला १५ विघटनं असतात. काउंटर ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून मोजू नका, दगडाचीच भर पडते. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये किरणोत्सारी युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे इथल्या वाचनात आकाशातून येणाऱ्या म्युऑन नावाच्या सूक्ष्म कणांचा वाटा बऱ्यापैकी असतो. हा आपल्या भागाचा फायदाच आहे.

उंचावरच्या तोरणमाळला काउंटर नेऊन म्युऑनमधला फरक दाखवायचा असेल तर घाई चालत नाही. मिनिटाला २० टकटकी धरल्या तर एका मिनिटाच्या मोजणीत साडेचारची चूक असते, म्हणजे २२ टक्के. तासभर मोजलं तर ती ३ टक्क्यांवर येते. खाली आणि वर, दोन्हीकडे किमान तासभर मोजा.

आता मुख्य अडचण. नळीत म्युऑन शिरो की अंतराळातल्या प्रारणांत असणारं लोखंडाचं अणुकेंद्रक, टकटक एकच. पेशीला तसं नसतं. अणुकेंद्रक वाटेत किती ऊर्जा सांडतं ते त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर (भार गुणिले भार) ठरतं. लोखंडाचा भार २६, म्हणून त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट ऊर्जा. ती एका बारीक रेषेत पडते आणि डीएनएच्या दोन्ही साखळ्या एकमेकींजवळच अनेक ठिकाणी तुटतात. सुटी टोकं जोडताना पेशी चुकीची टोकं जोडते, गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. पेशी मेली तर प्रश्न मिटतो. ती जगली, आणि वाढ रोखणारं जनुक त्यात बिघडलं, तर तिच्या पिढ्या वाढत राहतात. अंतराळवीरांची संख्या थोडी असल्याने याचा पुरावा बहुतांशी पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांतला आहे. अमेरिकेत ब्रुकहेवनमध्ये नासाची खास प्रयोगशाळा २००३ पासून आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) झोत सोडून हेच तपासते.

म्हणून सिव्हर्टमध्ये मोजताना ऊर्जेला ज्याने गुणतात तो भारांक गॅमा किरणांसाठी १ आणि जड आयनांसाठी २० धरतात. किटमधलं गणित मात्र सगळं गॅमाच समजून चालतं. मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी यानातल्या उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट नोंदवले, पण ते उपकरण प्रत्येक कणाची ऊर्जा वेगळी मोजतं. जमिनीवर तर लोखंडाची केंद्रकं पोचतच नाहीत, वातावरणातच फुटतात. तेव्हा वर्गात किटच्या आणि क्युरिऑसिटीच्या आकड्यांची तुलना करणं चूकच.

घेताना धातूची नळीच मागा. काचेची जे-३०५ नळी स्वस्त असते, पण आपल्या उन्हात उघडी ठेवली तर प्रकाशानेही खोटी मोजणी देते. घेतलीच तर काळी टेप गुंडाळा. आणि पडदा ‘टकटकी प्रति मिनिट’वर ठेवता येतो का, हे आधी विचारा. फक्त मायक्रोसिव्हर्ट दाखवणारं किट कितीही स्वस्त असलं तरी या धड्याच्या कामाचं नाही.