हिवाळी आल्याच्या एलचं ५ लिटरचं किट: चार महिन्यांच्या वापरानंतर

विंटर एल (हिवाळ्यातली मसालेदार बिअर) म्हटलं की गडद माल्ट (मोड आणून भाजलेलं सातू), दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल. माल्टचं एल घरी लावायचं तर कर्नाटकात अबकारी परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून हा अनुभव त्याच मसाल्यांच्या, पण आलं-गुळाच्या हलक्या एलचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बेळगावात, एकूण नऊ घाणे.

किटमध्ये ५ लिटरची तोटीची बरणी, हायड्रोमीटर (पेयाची घनता मोजणारी तरंगती काचनळी), बाहेरून चिकटवायची तापमानपट्टी, यीस्टच्या दोन पुड्या, मलमलची पिशवी आणि मसाल्याचं पाकीट येतं. यातला हायड्रोमीटर आणि यीस्ट यांचेच पैसे वसूल होतात. मसाल्याच्या पाकिटात लवंग इतकी जास्त आहे की प्यायला घेतलं की दातदुखीचं औषध आठवतं. रविवार पेठेतून सुटा मसाला आणलेला शंभर पटीने बरा. तोटीचा वॉशर तिसऱ्या घाण्यातच गळायला लागला. शिवाय तोटीच्या आट्यांत गुळाची राब साचते आणि पुढचा घाणा आंबूस होतो. प्रत्येक वेळी तोटी पूर्ण उघडून, ब्रशने घासून, उकळत्या पाण्यात टाकावी लागते.

बसलेलं प्रमाण साडेचार लिटरसाठी असं: जुनं, रेषाळ आलं २०० ग्रॅम, काळपट गूळ ४०० ग्रॅम, तीन लिंबांचा रस, बोटभर दालचिनी, लवंगा फक्त चार, एका संत्र्याची वरची साल (आतला पांढरा भाग कडू, तो नको) आणि बिया काढलेली एक संकेश्वरी मिरची. मिरचीने तिखट होत नाही, घशाला ऊब येते. आलं किसू नका, पातळ चकत्या करा. किसलं की त्यातला स्टार्च सुटून पेय गढूळ राहतं. दीड लिटर पाण्यात सगळं १५ मिनिटं मंद उकळायचं, गॅस बंद करून गूळ विरघळवायचा, गाळायचं, मग उकळून गार केलेलं पाणी साडेचार लिटरपर्यंत घालायचं. नळाचं पाणी तसंच घातलं तर क्लोरीनने यीस्ट मंदावतं. लिंबू सगळं गार झाल्यावर.

गूळ पिवळाधमक घेऊ नका. हायड्रोस (गूळ उजळवायची रासायनिक पूड) घालून उजळलेल्या गुळात गंधकाचा अंश राहतो आणि तो यीस्टला मानवत नाही. आमच्याकडे ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाचा काळा गूळ सहज मिळतो, तोच चवीलाही माल्टच्या जवळ जातो.

आता यीस्ट. पत्रकात ५ ग्रॅमची अख्खी पुडी टाकायला सांगितलंय, ते ऐकू नका. एवढ्या पाण्याला १ ग्रॅम पुरतं. पुडीभर टाकलं की एका रात्रीत बाटल्या फुगतात आणि पावाचा वास येतो. कोमट, २५ ते ३० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवून मगच बरणीत घाला आणि तोटीने बाटल्या भरा. पाणी हाताला चटका देत असेल तर यीस्ट मेलं म्हणून समजा.

खरी अडचण इथल्या हवेची आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३-१४ अंश, दुपारी २८-२९. यीस्ट रात्री झोपतं, दुपारी एकदम उसळतं. कोणत्याही पाककृतीपेक्षा हा चढउतार जास्त घाणे बिघडवतो. उपाय साधा: भरलेल्या बाटल्या पाण्याच्या टबात उभ्या करायच्या आणि टबाभोवती घोंगडं. पाणी हळू तापतं, हळू निवतं. खानापूरकडे भाताचं पिंजर भरपूर मिळतं. खोक्यात बाटल्यांभोवती ते दाबून भरलं तरी चालतं. बरणीवरच्या पट्टीवर भरवसा नको, ती बरणीच्या बाहेरच्या बाजूचं तापमान दाखवते.

बाटल्या सोड्याच्या प्लॅस्टिकच्याच घ्या, वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा. सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघायची. अंगठा रुतेनासा झाला की लगेच फ्रीज. २० अंशांना दीड-दोन दिवस, दुपारच्या गरमीत एका दिवसातही होतं. सरबताच्या काचेच्या बाटल्यांत भरू नका. त्या दाबासाठी बनलेल्या नसतात, फुटल्या तर काचा भिंतीपर्यंत उडतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊ नका, आकार बिघडतो.

हायड्रोमीटरचा खरा उपयोग इथे होतो. सुरुवातीचं माप १.०३० ते १.०३४ येतं. एक बाटली तपासणीला ठेवायची आणि माप ०.००४ ने उतरलं (१.०३२ चं १.०२८) की बाकीच्या बाटल्या फ्रीजमध्ये टाकून थांबवायचं, तेव्हा अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. शून्य नव्हे, म्हणून मुलांना आणि दारू वर्ज्य असणाऱ्यांना देऊ नये. मोजण्याआधी पेय दोन पेल्यांत आलटून पालटून ओतून फेस काढा. बुडबुडे नळीला चिकटले की ती वर उचलली जाते आणि माप चुकतं. आमचा हायड्रोमीटर २० अंशांवर जुळवलेला आहे. ३० अंशांच्या पेयात तो माप सुमारे ०.००२ ने कमी दाखवतो.

फ्रीजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं. म्हणून आठ-दहा दिवसांत संपवा. बाटली मोरीवर धरून, झाकण पाव फेरा फिरवून, फुस्स थांबेपर्यंत थांबून मगच पूर्ण उघडा. तळाचा पांढरा थर बाटलीतच राहू द्या, तो ढवळला की चव पिठूळ होते.