भट्टी थंड आणि आलेख ९२० डिग्रीवर: 'स्मार्ट फॅक्टरी'च्या नावाखाली माझे साडेबारा लाख गेले, तुम्ही सावध व्हा

हीट ट्रीटमेंट, फाउंड्री, प्लेटिंग, फोर्जिंग, काहीही चालवत असाल आणि कुणी मशीनचा डेटा क्लाउडवर टाकून देतो म्हणून दारात आला असेल, तर सही करायच्या आधी हे वाचा. माझे १२,५४,७४० रुपये त्या कंपनीला गेलेत आणि वर कस्टमरची ३,८६,५०० ची डेबिट नोट (माझ्याकडून वसूल करायची रक्कम) बसलीय. म्हणजे १६,४१,२४०. कंपनीचं नाव इथे टाकत नाही, वकिलांनी मनाई केलीय.

माझं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात छोटं गॅस कार्ब्युरायझिंगचं शॉप आहे, म्हणजे भट्टीत स्टीलच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करायचं काम, सहा पिट फर्नेस (खड्ड्यातल्या भट्ट्या), जास्त करून गिअर आणि शाफ्ट. ऑटोवाल्यांचं काम म्हटलं की सीक्यूआय-९ (हीट ट्रीटमेंटसाठी ऑटो उद्योगाचा नियमसंच) आलंच, त्यात तापमानाची अखंड नोंद लागते, थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) आणि रेकॉर्डरची तपासणी लागते, आणि ऑडिटर बॅच नंबर सांगून 'या बॅचचा चार्ट काढा' म्हणतो. आमच्याकडे कागदी चार्ट रेकॉर्डर होते, पेन सुकायचं, कागद अडकायचा, रोल सांभाळायला एक कपाट गेलेलं. त्यात मोठ्या कस्टमरची मागणी की आता डिजिटल रेकॉर्ड दाखवा. म्हणजे हे काही हौसेने केलेलं नाही, गरज होती म्हणून केलं, हे आधी सांगतो कारण 'कशाला नादी लागलात' म्हणणारे घरात आणि बाहेर भरपूर भेटलेत.

एका प्रदर्शनात या कंपनीचा स्टॉल होता. गेटवे म्हणजे मशीनचा डेटा गोळा करून क्लाउडवर पाठवणारा डबा, मोठा टीव्ही, मोबाईलवर अलार्म, सगळं लाइव्ह चालू करून दाखवलं. कोटेशन ६,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,०२,४००. साठ टक्के ॲडव्हान्स ४,८१,४४०, बाकीचे ३,२०,९६० इन्स्टॉलेशन झाल्यावर. शिवाय वर्षाचं सबस्क्रिप्शन १,४४,००० अधिक जीएसटी, १,६९,९२०, ते दोन वर्षांचं भरलं. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ज्या भट्ट्यांच्या कंट्रोलरला (तापमान सांभाळणाऱ्या यंत्राला) कम्युनिकेशन पोर्ट नाही तिथे नवीन पीआयडी कंट्रोलर ते बसवणार. फर्नेस ५ आणि ६ चे कंट्रोलर जुने, त्यांना पोर्टच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येतं.

बसवलं. बाहेरून नवीन पॅनेल, लाल-हिरवे दिवे, टीव्हीवर सहा आलेख. बाकीचे पैसे दिले. मग त्यांनीच सांगितलं की आता पेपरलेस करा, तासातासाला रजिस्टर लिहायची गरज नाही, चार्ट रेकॉर्डर पण काढा, ऑडिटरला दोन ठिकाणचे दोन आकडे दिसले तर तोच प्रश्न विचारेल. पटण्यासारखं होतं हो ते. ऑडिट ज्याने दिलंय त्याला विचारा, दोन रेकॉर्डमध्ये तीन डिग्रीचा फरक निघाला तरी अर्धा दिवस खुलासा देण्यात जातो. रेकॉर्डर काढले. कुणी कितीही सांगू दे, स्वतंत्र रेकॉर्डर काढू नका, मोजमापाचं एक तरी साधन सिस्टीम विकणाऱ्याच्या हाताबाहेर राहिलंच पाहिजे.

आता तो गुरुवार. आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, शॉप बंद असतं. मी घरी मोबाईलवर सहज डॅशबोर्ड उघडला तर फर्नेस १ ते ४ च्या रेषा तुटलेल्या, जशा असायला हव्यात तशा, आणि ५ आणि ६ च्या रेषा ९२० वर सरळ चाललेल्या. एक-दोन डिग्री वर, एक-दोन डिग्री खाली, छान. लाइट नाही, हीटर बंद, आणि भट्टी ९२० वर! मी तिथल्या तिथे त्यांच्या सपोर्टवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, त्या दोन्हीचं पॅनेल यूपीएसवर आहे म्हणून डेटा येतोय. आणि खरंच त्या रांगेत त्यांनी यूपीएस ठेवला होता, मी स्वतः पाहिला होता. मी म्हटलं बरं.

अजून रात्री झोप उडते ती याच ठिकाणी. यूपीएसवर डबा चालेल, साठ किलोवॅटची भट्टी कशी चालेल? पंचवीस वर्षं या धंद्यात काढली, पॉवर गेली की तापमान उतरणार हे शिकाऊ पोराला पण कळतं. पण त्या वेळी डोक्यात हे होतं की यांच्या गेटवेत स्टोअर अँड फॉरवर्ड आहे, नेट गेलं तर तो डेटा साठवून नंतर पाठवतो, ही खरी गोष्ट आहे, सगळ्या चांगल्या गेटवेत असते, त्यामुळे मागचापुढचा काहीतरी घोळ असेल असं वाटलं. या लोकांची पद्धतच ती आहे, खऱ्या टेक्निकल शब्दाच्या आड खोटं ठेवायचं. समोरच्याला अर्धं माहीत असलं की त्यांचं काम होतं.

काही महिन्यांनी एका गिअरच्या लॉटमध्ये केस डेप्थ (वरच्या कडक थराची जाडी) कमी निघाली. ड्रॉइंगला ०.७ ते ०.९ मिलिमीटर, कस्टमरच्या लॅबमध्ये ०.४५. लॉट फर्नेस ५ चा. रात्री हीटरचा एक गट बंद पडला होता, भट्टी वर चढलीच नाही. पॅनेलवरचा जुना कंट्रोलर खरं तापमान दाखवत होता, पण रात्रपाळीचा पोरगा टीव्हीकडे बघत होता, तिथे ९२० हिरवं होतं आणि अलार्म वाजला नव्हता. त्या पोराला मी एका शब्दाने बोललो नाही, टीव्ही बघ आणि रजिस्टर सोड हे आम्हीच त्याला सांगितलेलं.

कस्टमरने बॅचचा कच्चा डेटा मागितला, डॅशबोर्डचा फोटो चालणार नाही म्हणाले. आमच्या लॉगिनमधून फक्त मागच्या ३० दिवसांचं एक्सपोर्ट निघत होतं. कंपनीला मागितलं तर म्हणे रॉ डेटा एक्सपोर्टचे वेगळे चार्जेस, २,२५,०००. माझ्या भट्टीचं तापमान, माझ्या थर्मोकपलने मोजलेलं, आणि ते मला विकत घ्यायचं! भांडलो. ते ॲग्रीमेंटचं पान पुढे करतात, त्यात बारीक अक्षरात डेटा 'प्लॅटफॉर्मच्या ताब्यात' राहील असं लिहिलेलं. ऑडिट डोक्यावर होतं, कस्टमर हातचा जायची वेळ आलेली, अर्धे म्हणजे १,१२,५०० भरले. त्याचं बिल आजपर्यंत आलेलं नाही.

फाइल आली. कस्टमरचा क्वालिटीवाला माणूस हुशार, त्याने पहिलाच प्रश्न विचारला की क्वालिटीचा कॉलम कुठे आहे. ओपीसीवरून (मशीनचा डेटा देण्याघेण्याच्या पद्धतीवरून) आलेल्या प्रत्येक रीडिंगसोबत वेळ आणि क्वालिटी येते, गुड, बॅड किंवा अनसर्टन. सेन्सर तुटला, वायर सुटली तर तिथे बॅड दिसतं. यांच्या फाइलमध्ये तो कॉलमच नाही. आणि फर्नेस ५, ६ च्या टॅगच्या, म्हणजे रीडिंगला दिलेल्या नावाच्या शेवटी 'सिम' लिहिलेलं. सिम्युलेशन. काढायचं विसरले असतील.

मग ओळखीच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला बोलावून पॅनेल उघडलं. गेटवेच्या आरएस-४८५ टर्मिनलवर (डेटाच्या वायरी जोडायच्या जागी) चारच भट्ट्यांच्या वायरी. मॉडबसवर, म्हणजे कंट्रोलर आणि गेटवे ज्या भाषेत बोलतात तिथे, चारच ॲड्रेस. ५ आणि ६ ला नवे कंट्रोलर बसवलेच नव्हते, एक वायर सुद्धा गेली नव्हती. टॅबलेटवर ऑपरेटरने बॅच चालू केली की सिस्टीम रेसिपीचं (बॅचसाठी ठरवून ठेवलेलं) तापमान घ्यायची, त्यात थोडी वरखाली मिसळायची आणि आलेख काढायची. त्या बुधवारी रात्री बॅच क्लोज करायची राहिली होती, म्हणून गुरुवारी लाइट नसताना पण रेषा चालत राहिली. दोन कंट्रोलर आणि थोडी वायरिंग वाचवायला हे केलं. माझ्या दोन भट्ट्यांतून गेलेले गिअर कुणाच्या तरी गाडीत बसलेत, याचा विचार त्यांनी केला नसेल, मी मात्र करतो. संशयाचा सगळा माल परत मागवून तपासावा लागला, त्याचीच ती डेबिट नोट.

२०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या कॉम्प्युटर व्हायरसबद्दल वाचलं असेल तुम्ही, इराणच्या नतान्झ अणुप्रकल्पातल्या सेंट्रिफ्यूज (युरेनियमसाठीची फिरती यंत्रं) बिघडत होत्या आणि ऑपरेटरला आधी रेकॉर्ड केलेली चांगली रीडिंग दिसत होती. तेव्हा वाटायचं हे अणुप्रकल्पातलं, आपला काय संबंध. आपल्या शॉपमध्ये तेच होऊ शकतं, आणि त्याला व्हायरसची गरज पण नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, 'चोरीला काय गेलं?' मी म्हटलं खोटा डेटा दाखवला, खरा अडवून पैसे घेतले. तिथले साहेब म्हणाले मशीन तुमच्याकडे आहे, टीव्ही तुमच्याकडे आहे, बिल आहे, मग हे सिव्हिल मॅटर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, कोटेशनमध्ये लिहिलेली वस्तू न बसवता बसवल्याचे पैसे घेतले ही फसवणूक नाही तर काय आहे? सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतः आरटीजीएस केलंय, ओटीपी कुणी घेतला नाही, खातं कुणी रिकामं केलं नाही. मॉडबस म्हणजे काय हे समजावताना समोरचा माणूस मोबाईल बघत होता. फाइलमधला 'सिम' दाखवला तर मोबाईलचं सिम का, असं विचारलं. परत ठाण्यात, परत तेच. प्रत्येक ठिकाणी अर्ज पहिल्यापासून लिहायचा, प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच भाव, की शिकलेला माणूस आणि फसला कसा.

ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणतात व्यावसायिक वापरासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहक ठरणं अवघड. एमएसएमई समाधान पोर्टल आहे, पण ते माल विकून पैसे अडकलेल्या लघुउद्योगासाठी, पैसे देऊन बसलेल्यासाठी नाही. डेटाचा नवा कायदा आला म्हणून आशा होती, तो २०२३ चा कायदा व्यक्तीच्या वैयक्तिक डेटाचा, भट्टीच्या तापमानाला तो लागू नाही. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू झालाय, कनेक्टेड मशीन वापरणाऱ्याला त्या मशीनचा डेटा मिळण्याचा हक्क आहे. आपल्याकडे इंडस्ट्री ४.० चे सेमिनार होतात, फीत कापतात, फोटो काढतात, आणि लघुउद्योजकाच्या मशीनचा डेटा कुणाचा हे सांगणारं एक पान सापडत नाही. त्यात दुसऱ्या वर्षाचं सबस्क्रिप्शनचं बिल यांनी जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, माझ्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) आलं नाही, २५,९२० चं इनपुट क्रेडिट (भरलेल्या टॅक्सची वजावट) गेलं. टॅक्स त्यांनी बुडवला, भुर्दंड मला.

एक रस्ता आहे तो मला कुणी कार्यालयाने सांगितला नाही, उशिरा एका वकिलाने सांगितला. आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे आयटी सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, पाच कोटीपर्यंतच्या दाव्याचा अर्ज त्यांच्याकडे करता येतो. तो अर्ज आता तयार होतोय. कंपनीला पाठवलेली नोटीस परत आली, पत्ता तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या ऑफिसचा निघाला.

पैसे देण्याआधी प्रत्येक थर्मोकपल स्वतः सोडवा आणि स्क्रीनवर रेषा तुटते का बघा. तुटली नाही तर चेक खिशात ठेवा. टॅग लिस्ट लेखी घ्या, कोणता टॅग कोणत्या कंट्रोलरच्या कोणत्या रजिस्टरमधून येतो ते, आणि त्यावर त्यांची सही. ॲडमिन पासवर्ड आणि गेटवेच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप तुमच्याकडे पाहिजे. डेटाची रोजची कॉपी तुमच्या शॉपमधल्या कॉम्प्युटरवर पडली पाहिजे, मालकी तुमची आणि एक्सपोर्ट फुकट हे ॲग्रीमेंटमध्ये ठळक. आमच्या गेटवेत त्यांचं स्वतःचं ४जी सिमकार्ड होतं, आमच्या राउटरला न विचारता ते कधीही आत येऊ शकत होते, भांडण झाल्यावर पहिलं ते काढलं. साध्या मॉडबसला पासवर्ड वगैरे काही नसतो, आत आलेला माणूस सेट पॉइंट (ठरवलेलं तापमान) पण बदलू शकतो. असं सिमकार्ड तुमच्याकडे असेल तर आजच विचारा कशासाठी आहे. आणि भांडण सुरू व्हायच्या आधी सगळं डाउनलोड करा, कारण आमचं लॉगिन नोटीस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद झालं.

गेटवे पंचांसमोर सील करून ठेवलाय, सिमकार्डसकट. माझ्यासारखेच अजून दोन शॉपवाले सापडलेत, एकाच्या कॉम्प्रेसरचा आणि एकाच्या प्लेटिंग टँकचा आलेख असाच रेसिपीतून काढलेला. तुमच्याकडे प्रदर्शनातून घेतलेला असा डबा असेल आणि एक्सपोर्टमध्ये टॅगच्या शेवटी 'सिम' दिसत असेल तर मला मेसेज करा, फाइल मात्र उघडून सेव्ह करू नका, आहे तशी कॉपी ठेवा. अर्ज एकत्र द्यायचाय, एकट्याचा अर्ज टेबलावरून पुढे सरकत नाही हे मी बघितलंय.