तलवारीच्या सुऱ्यांना रेनेसाँ वॅक्स: नागपूरच्या हवेत कसं वाटतं?

दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलच्या अँडरसन या सुऱ्या बनवणाऱ्याने अमेरिकी घोडदळाच्या १९१३ च्या पॅटन तलवारींची पाती कापून सुऱ्या केल्या, मूठ ओतीव प्लॅस्टिकची. अशा सुरीचा धोका मुठीच्या तोंडाशी असतो: पातं आत शिरतं त्या फटीत ओल साचते आणि गंज आतून चढतो.

नागपुरात मे कोरडा ठणठणीत, जुलैत भिंतीसुद्धा ओलसर. तेल चार दिवसांत धूळ धरतं. म्हणून रेनेसाँ वॅक्स हे मेण. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं, आणि पात्यावर खरोखर टिकतं.

आधी अ‍ॅसिटोनने जुनं तेल काढा, पण प्लॅस्टिकच्या मुठीला ते लागू देऊ नका, ती विरघळू शकते. लाल गंज असेल तर तेल लावून ०००० नंबरच्या स्टील वूलने हलकेच काढा. काळपट थर राहू द्या! तो घासलात की पात्यावरचे शिक्के आणि कापल्याच्या खुणा जातात, आणि निम्मी किंमतही. मग सुती फडक्यावर अगदी कणभर मेण, पातळ हात, थोडं सुकलं की पुसून चमक.

जास्त लावलं तर पन्हळीत (पात्यावरच्या लांब खाचेत) आणि शिक्क्यांत पांढरं बसतं. मऊ टूथब्रशने निघतं. ओल्या पात्यावर मात्र लावू नका, ओल आतच कोंडते. चामडी म्यानात ठेवणंही टाळा. उन्हाळ्यात डबीचं झाकण घट्ट हवं, नाहीतर मेण दगड होतं. महाग आहे, पण एक छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते.