गुड जजमेंट ओपन : शक्यतेचा उत्तम सराव, निर्णयाचा अर्धाच

‘गुड जजमेंट ओपन’ हे संकेतस्थळ २०१५ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. एखादी घटना ठरलेल्या तारखेच्या आत घडेल का हा प्रश्न वाचायचा, आपल्या मते तिची शक्यता किती टक्के आहे ते नोंदवायचे, आणि नवी माहिती हाती आली की आकडा बदलायचा, एवढेच तिथले काम. अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणांसाठी संशोधन करवणाऱ्या ‘आयार्पा’ या संस्थेने २०११ साली अंदाजांची स्पर्धा सुरू केली होती. तीत फिलिप टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स या मानसशास्त्रज्ञांचा गट सरस ठरला आणि त्याच प्रकल्पातून पुढे ही सेवा उभी राहिली. तर्कशुद्ध निर्णयाच्या सिद्धांतात, म्हणजे घटनेची शक्यता आणि तिच्या परिणामांचे मोल एकत्र धरून काय करायचे ते ठरवण्यात, ज्यांना मनापासून रस आहे, त्यांनी ती जरूर वापरावी असे माझे मत आहे. मात्र त्या सिद्धांताचा कोणता भाग इथे शिकायला मिळतो आणि कोणता मिळत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

संभाव्यता म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या विश्वासाची मात्रा, आणि ती व्यक्ती कोणत्या दराने पैज लावायला तयार होईल यावरून ती मात्रा मोजता येते, हा विचार ब्रिटिश तत्त्वज्ञ-गणिती फ्रँक रॅम्सी यांनी १९२६ मध्ये मांडला आणि इटलीत गणिती ब्रुनो दे फिनेत्ती यांनी स्वतंत्रपणे विकसित केला. त्यावर नेहमीचा आक्षेप असा की, विश्वास प्रत्येकाचा आपापला असेल तर त्याची परीक्षा कशी घ्यायची? या सेवेचे उत्तर आहे ब्रायर गुण, म्हणजे अंदाज प्रत्यक्ष निकालापासून किती दूर राहिला हे मोजणारा आकडा. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवलेली ही पद्धत आहे. इथे ० हा सर्वोत्तम आणि २ हा सर्वांत वाईट गुण असतो. ‘होईल’ला ७० टक्के दिले आणि घटना घडली तर ०.१८ गुण पडतो, न घडल्यास ०.९८. माझा खरा विश्वास ७० टक्के असताना मी ७०च लिहिले, तर अपेक्षित गुण, म्हणजे दोन्ही निकाल त्यांच्या शक्यतेच्या प्रमाणात धरून काढलेली सरासरी, ०.४२ येतो. ठासून ९० लिहिले तर तो ०.५० होतो, आणि अंग चोरून ५० लिहिले तरी ०.५०च. म्हणजे फाजील आत्मविश्वास आणि भिडस्तपणा या दोन्हींची शिक्षा इथे सारखीच आहे, आणि मनात असेल तोच आकडा लिहिणे सर्वांत फायद्याचे ठरते. अंदाज चालू असलेल्या प्रत्येक दिवसाचा गुण धरून सरासरी काढली जात असल्याने शेवटच्या क्षणी शहाणपण सुचून फारसे भागत नाही.

प्रश्नांची शब्दरचना हा या सेवेचा सर्वांत कसदार भाग आहे. कोणत्या वेळेपर्यंत, कोणत्या स्रोताच्या आधारे, काय झाले म्हणजे घटना ‘घडली’ असे मानायचे, हे आधीच लिहिलेले असते. आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांवरील भाकितांत नेमके हेच सापडत नाही. सर्व व्यवहार इंग्रजीत आहे आणि प्रश्नांचा भर आंतरराष्ट्रीय राजकारण व अर्थकारणावर आहे, ही मर्यादा लक्षात घ्यावी.

आता उणिवांकडे. ब्रायर गुण प्रामाणिकपणा मिळवून देतो, तो वापरणारा अपेक्षित गुण सुधारू पाहत असेल तरच. संकेतस्थळावर क्रमवारीही आहे, आणि ज्याला पहिल्या काही जणांतच यायचे आहे त्याच्या दृष्टीने पन्नासावे आणि पाचशेवे स्थान सारखेच निरुपयोगी असते. टोकाचा आकडा बरोबर ठरला तरच तो इतरांच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून अशा माणसाने ७०च्या जागी ९५ लिहिणे त्याच्या उपयुक्ततेनुसार, म्हणजे कोणत्या निकालाला तो किती मोल देतो त्यानुसार, अगदी तर्कशुद्ध आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५४ मध्ये संभाव्यता आणि उपयुक्तता या दोन्ही माणसाच्या पसंतीक्रमातून एकत्रच काढून दाखवल्या होत्या. उपयुक्तता गुणांच्या सरळ प्रमाणात आहे असे गृहीत धरल्याशिवाय इथल्या आकड्यांतून विश्वास वाचता येत नाही.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. एखाद्याने आपत्तीची शक्यता १ टक्का सांगितली आणि दुसऱ्याने ०.१ टक्का, आणि ती आपत्ती खरोखर ओढवली, तर त्यांचे गुण अनुक्रमे सुमारे १.९६ आणि १.९९६ येतात. फरक नगण्य आहे. पण नुकसान प्रचंड असेल तेव्हा अपेक्षित हानीचा हिशेब या दोन आकड्यांत दहापट बदलतो आणि विमा घ्यायचा की नाही, धरणातून पाणी आधी सोडायचे की नाही, असे निर्णय त्यावरच उलटतात. लघुगणकावर आधारलेली गुणपद्धत इथे पुष्कळ अधिक संवेदनशील ठरली असती.

आणि निर्णयाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे परिणामांचे मोल? ते ज्याचे त्याने ठरवायचे. समजा नाशिकच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला गारपिटीची शक्यता ८ टक्के वाटते आणि बागेवरच्या आच्छादनाचा खर्च संभाव्य नुकसानीच्या दहाव्या हिश्श्याइतका आहे. निव्वळ रुपयांचा हिशेब सांगतो की आच्छादन नको. पण बाग गेली तर कर्ज फिटणार नसेल, तर बुडालेला प्रत्येक रुपया त्याला आधीच्यापेक्षा जड जातो. संपत्ती वाढते तसे जादा रुपयाचे मोल घटते, हे गणिती डॅनियल बर्नोली यांनी १७३८ मध्ये दाखवले होते. त्याच न्यायाने ८ टक्क्यांवरही आच्छादन घालणे योग्य ठरू शकते. या सेवेत ८ हा आकडा घासूनपुसून घेता येतो, त्यापुढचा हिशेब मात्र तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून सेवा वापरताना प्रत्येक अंदाजाशेजारी एका वहीत आणखी एक नोंद ठेवावी असे मी सुचवेन: ही शक्यता किती टक्क्यांवर गेली असती तर माझी कृती बदलली असती.